चौरंगाला चीर का पडली, आणि घरच्या घरी सुतारकाम सुरू करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात फ्लॅटमध्ये राहता, गेल्या ऑगस्टमध्ये गणपतीसाठी हौसेने सागवानी चौरंग केलात. अठरा इंच चौरस फळी, खाली चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या. फळी हलू नये म्हणून चारही पट्ट्यांना फेविकॉल लावलंत आणि वर स्क्रूही मारलेत. मार्चमध्ये फळीला एका टोकापासून निम्म्यापर्यंत चीर गेली. लाकूड खराब निघालं का, हे तुम्हाला कळत नाहीये. छंद मात्र सोडायचा नाहीये, म्हणून हत्यारं कोणती, लाकूड कोणतं आणि आधी काय करावं, हेही विचारलंय.

लाकूड खराब नव्हतं. तुम्ही चौरंग फार पक्का केलात, म्हणून तो फुटला.

कापून वाळवलेलं लाकूड हवेतला ओलावा आयुष्यभर घेत-सोडत राहतं. घेतला की फुगतं, सोडला की आकसतं. सगळ्या दिशांनी सारखं मात्र नाही. रेषेच्या दिशेने, म्हणजे झाड उभं असताना जी उंची होती त्या दिशेने, फरक जवळजवळ पडतच नाही. जे काही घडतं ते फळीच्या रुंदीत. ओला साग पूर्ण कोरडा केला तर वलयांच्या दिशेने तो साधारण ५.८ टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडे साधारण २.५ टक्के. हे आकडे इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी आहेत, सागाचं नाव उगाच झालेलं नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

आता तुमच्या फळीचा हिशोब करू. घरात ठेवलेल्या लाकडातला ओलावा आपल्याकडे भर पावसात १४ टक्क्यांच्या आसपास आणि कोरड्या दिवसांत ८ च्या आसपास असतो असं धरा. फरक ६ टक्क्यांचा. ओलावा १ टक्का उतरला की साध्या आडव्या कापाच्या, म्हणजे जिची रुंदी साधारण वलयांच्या दिशेने जाते अशा सागवानी फळीची रुंदी साधारण ०.१९ टक्के घटते. तुमची फळी ४५० मिलिमीटर रुंद. म्हणजे ऑगस्ट ते मार्च या काळात तिला जवळपास ५ मिलिमीटर आत यायचं होतं. खालच्या ज्या दोन पट्ट्या फळीच्या रेषेला आडव्या जातात, त्यांची लांबी या काळात तसूभरही कमी झाली नाही, कारण त्यांच्यासाठी ती रेषेची दिशा आहे. फळी आत यायला बघतेय, पट्ट्या तिला फेविकॉलने धरून बसल्यात. शेवटी फळीने जिथे जमेल तिथे जागा केली. चीर टोकापासून सुरू झाली, कारण कापलेल्या टोकातून ओलावा सगळ्यात लवकर जातो. तिथली फळी आधी वाळते, आधी ताणली जाते.

याच चुकीची माझी आवृत्ती तुमच्या उलटी होती. मी या कामाला लागून १९ वर्षं झाली. पहिलं 'मोठं' काम म्हणजे देव्हाऱ्याची छोटी दोन दारं. मे महिन्यात केली. चौकटीत इतकी घट्ट आणि सुबक बसली की मी आल्यागेल्याला उघडून-मिटून दाखवत होते. आषाढातल्या एका सकाळी ती उघडेनात. सासूबाई हातात फुलांची परडी घेऊन उभ्या, म्हणाल्या, "देवांना कोंडलंस गं." त्या वेळी आमच्याकडे खिडक्यांच्या दुरुस्तीला एक सुतारकाका यायचे. त्यांनी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, हसले आणि म्हणाले, "वहिनी, वैशाखात दार करताना मध्ये पोस्टकार्ड सरकलं पाहिजे." तेव्हापासून मी कुठलीही फळी कापण्याआधी कॅलेंडर बघते. उन्हाळ्यात केलेल्या वस्तूला फुगायला जागा ठेवायची, पावसाळ्यात केलेलीला आकसायला.

जुन्या घरांतली दारं बघा. वाड्याचं दार म्हणजे एक अखंड रुंद फळी कधीच नसते. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट, आणि तिच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या फळ्या, ज्यांना सरस लावलेला नसतो. चौकट आपला आकार धरून राहते, फळी आतल्या आत लहान-मोठी होते. हे कुणी पुस्तकातून शिकलं नव्हतं, फुटलेल्या दारांतून शिकलं असणार.

आता तुमचा चौरंग. चिरेत भुसा आणि फेविकॉलचं मिश्रण भरायचा मोह होईल, ते करू नका. पावसाळ्यात फळी पुन्हा फुगेल, चीर मिटायला बघेल, आत भरलेला गोळा तिला मिटू देणार नाही आणि फळी वाकेल किंवा शेजारी दुसरी चीर काढेल. त्यापेक्षा स्क्रू काढा. फेविकॉल धरून असेल तर पातळ पटाशी कडेने हळूहळू आत सरकवत फळी सुटी करा. थोडे कपचे निघतील, खालच्या बाजूला ते चालतात. सुटी झालेली फळी दोन-तीन आठवडे तशीच सपाट ठेवा, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी. मग चिरेच्या रेघेतच फळी करवतीने उभी कापून दोन करा, कडा रंध्याने सरळ करा, पुन्हा जोडा. फळी दहा-बारा मिलिमीटरने अरुंद होईल, चौरंगाचं काही बिघडत नाही.

बसवताना पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, वरून साधारण १२ मिलिमीटर खाली, ६-७ मिलिमीटर रुंदीची खाच पाडा. लाकडाच्या छोट्या ठोकळ्या करा, त्यांना एका टोकाला जीभ काढा. जीभ खाचेत जाते आणि ठोकळी स्क्रूने फळीला खालून बसते. फळी खाली ओढून धरली जाते, पण जीभ खाचेत मागेपुढे सरकू शकते. फळीच्या रुंदीच्या दोन्ही बाजूंना जीभ आणि खाचेचा तळ यांत ३-४ मिलिमीटर मोकळे सोडा. फेविकॉलचा एक थेंबही नको. फळी मध्यावरच राहावी असं वाटत असेल तर रेषेला आडव्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर एकेक स्क्रू पक्का मारा. मग ती दोन्हीकडे सारखी फुगेल.

आधी पाट करा

चौरंग हे दुसरं किंवा तिसरं काम आहे. पहिलं काम पाटाचं करा, जेवायला बसायचा साधा पाट. एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. दिसायला इतकं सोपं की कुणी शिकवत नाही, आणि आत तुमच्या चौरंगाचा सगळा प्रश्न भरलेला. पट्ट्या रेषेला आडव्या, फळी रुंद. पुस्तकांचं शेल्फ किंवा बेड करायला घेतलेत तर पहिल्याच चुकीला पाच हजारांचं लाकूड जातं. पाटाला लागतं किती? १८ इंच लांब, १२ इंच रुंद, १ इंच जाड. वखारीत लाकूड घनफुटावर विकतात. जाडी आणि रुंदी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. एक गुणिले बारा गुणिले दीड, भागिले १४४, म्हणजे ०.१२५ घनफूट. घनफुटाच्या भावाचा आठवा हिस्सा. पट्ट्यांचं थोडं वेगळं धरा. बिघडला तर पुन्हा करता येतो.

बारा इंच रुंदीची अखंड फळी मिळाली तरी घेऊ नका, सहा-सहाच्या दोन घ्या. जोड शिकायचाय. दोन फळ्यांच्या कडा सरळ करताना नवशिक्यांचा रंधा हमखास एका बाजूला कलतो आणि जोडलेला पाट छपरासारखा होतो. यावर जुनी युक्ती अशी की दोन्ही फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकावर एक ठेवायच्या, शिकंज्यात एकत्र धरायच्या आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा मारायचा. रंधा कलला तर एकीची कड जितकी बाहेर झुकेल तितकीच दुसरीची आत झुकेल. पुस्तक उघडलं की दोन चुका एकमेकींना खातात आणि पाट सपाट येतो. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी जोड उजेडासमोर धरून किती वेळ बसले होते, सांगत नाही.

फळ्या लावताना टोकाकडून वलयं बघा. आडव्या कापाची फळी वाळताना वलयं सरळ व्हायला बघतात, त्यामुळे सालीकडची बाजू खोलगट होते आणि गाभ्याकडची फुगीर. पाटाला गाभ्याची बाजू वर ठेवा. हलला तर मध्ये किंचित उंच होईल, कडा उचलल्या जाणार नाहीत आणि डुगडुगणारही नाही.

जोडताना फेविकॉल दोन्ही कडांना पातळ लावायचं. सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून कडेवर रंधा फिरवून झाला की त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात जोड करा. जुनी कड असेल तर थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. लांब क्लॅम्प महाग पडतात. नसतील तर जाड फळीवर दोन बाजूंना दोन पट्ट्या ठोका, मध्ये पाट ठेवा आणि उरलेल्या फटीत समोरासमोरून दोन पाचरी मारा. पाचरीएवढा स्वस्त क्लॅम्प अजून निघालेला नाही. खाली वर्तमानपत्र घाला, नाहीतर पाट आणि फळी यांचा कायमचा संसार होईल. बाहेर आलेलं फेविकॉल ओलं असताना पुसू नका, रेषांत शिरतं आणि पॉलिशच्या वेळी पांढुरके डाग होऊन वर येतं. अर्ध्या तासाने रबरासारखं झालं की पटाशीने उचला. चोवीस तास हात लावायचा नाही.

आता मुख्य भाग, पट्ट्या. प्रत्येक पट्टीला तीन भोकं. मधलं गोल. कडेची दोन लांबट, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. लांबट भोक करायला तीन भोकं एकापुढे एक पाडा आणि मधली भिंत ६ मिलिमीटरच्या पटाशीने साफ करा. ३०० मिलिमीटर रुंदीच्या पाटाला वर्षभरात साधारण साडेतीन मिलिमीटर हलायचं असतं, मध्यापासून एकेका बाजूला पावणेदोन. म्हणून स्क्रूला दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर सरकायला मिळाले की झालं. उन्हाळ्यात करत असाल तर स्क्रू लांबट भोकाच्या आतल्या टोकाला ठेवा, फळी पुढे बाहेर सरकणार आहे. श्रावणात करत असाल तर बाहेरच्या टोकाला. पितळी स्क्रू वापरायचे असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढा, मग त्या आट्यांत पितळी फिरवा. पितळ मऊ असतं, कठीण लाकडात डोकं तुटून येतं. स्क्रूला मेणबत्ती घासली की तो निम्म्या जोरात जातो.

हत्यारं

पाट करता करता जे लागलं तेवढंच घ्या. एक हातकरवत, बारीक दात्यांची. एक लोखंडी रंधा, चार किंवा पाच नंबरचा. पटाश्या ६, १२ आणि २५ मिलिमीटर. काटकोन बघायला गुण्या, पोलादी पट्टी, कडेला समांतर रेघ ओढायला मार्किंग गेज. चिंचेच्या किंवा बाभळीच्या लाकडाची मोगरी, म्हणजे पटाशीवर मारायचा लाकडी हातोडा. एक ड्रिल. धार लावायचा दगड. पुण्यात हे सगळं बोहरी आळीत एका चकरेत मिळतं, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला.

मशिनं नंतर. एका मशिनाबद्दल मात्र आत्ताच सांगते. चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावून काम करणारे तुम्हाला बरेच दिसतील. ते हत्यार त्या पात्यासाठी बनलेलं नाही. मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे, त्यात संरक्षक झाकण काढून टाकलेलं. पातं लाकडात अडकलं की ग्राइंडर उलटा अंगावर येतो. "आमचे मिस्त्री वर्षानुवर्षं वापरतात" हे मी ऐकलंय. त्या मिस्त्रींची बोटंही मोजलीत.

धारेविषयी जास्त बोलणार आहे, कारण लोक हत्यारं बदलत राहतात आणि दोष धारेचा असतो. नवी पटाशी दुकानातून येते ती धार लावलेली नसते, नुसती घासलेली असते. पहिलं काम तिची मागची सपाट बाजू टोकापासून इंचभर आरशासारखी करायची. जाड काच घ्या, तिच्यावर पाणी मारून चारशे नंबरचा वॉटर पेपर चिकटवा, मग आठशे, हजार, दोन हजार. मागची बाजू एकदाच करायची असते, अर्धा तास जातो, चिडचिड होते. मग उतरती बाजू २५ अंशांत घासा, आणि शेवटचे आठ-दहा हात किंचित उचलून ३० अंशांत. मागे नख फिरवलं की बारीक कडा अडकली पाहिजे, धारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती आली म्हणजे पुढची बाजू धारेपर्यंत पोचली. मग मागची बाजू दोन हात सपाट फिरवून ती कडा काढायची, शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धातू चमकवायचं हिरवं पॉलिश लावून वीस वेळा ओढायची.

परीक्षा हाताच्या केसांवर घेऊ नका. पाइनचा तुकडा घ्या, त्याच्या कापलेल्या टोकावरून पातळ काप काढा. मऊ लाकडाचं टोक बोथट हत्यार सहन करत नाही, तंतू चुरगळतात आणि पांढरे ठिपके दिसतात. काप गुळगुळीत आणि तकतकीत निघाला तर धार आहे. सागात सिलिका असते, ती धार खाते. पाट पूर्ण होईपर्यंत मला तीनदा तरी दगडाकडे जावं लागतं. आणि हो, बोथट पटाशीच जास्त कापते, कारण आपण जोर लावतो आणि ती सटकते. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चार टाके आहेत. तेव्हापासून नियम एकच, दोन्ही हात कायम धारेच्या मागे.

रंधा मारताना लाकडाच्या रेषा कडेवरून बघा, त्या कुठल्या बाजूला चढतात ते. चढत्या दिशेने मारा. उलटा मारला तर मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यासारखं होतं, ढलप्या उपटतात. उपटत असतील तर फळी फिरवा, पातं अगदी कमी बाहेर ठेवा आणि पात्यावरची दुसरी पट्टी धारेपासून अर्धा मिलिमीटरवर आणा. तरीही उपटत असतील तर धार गेलीय.

लाकूड

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलात की तुम्हाला 'सीपी', 'बर्मा', 'घाना', 'कोलंबिया' ऐकू येईल. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा साग, आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांचाही त्यात समावेश. बर्मा म्हणून जे दाखवतील त्याबद्दल एक लक्षात ठेवा, म्यानमारने २०१४ मध्ये गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. तरी 'बर्मा'ची पाटी कुठे उतरलेली नाही. घाना किंवा कोलंबियाचा साग हा लागवडीतला, लवकर वाढलेला, त्यात पांढरा भाग जास्त. वाईट नसतो, पण बर्माच्या भावाने घेऊ नका.

नाव काहीही सांगोत, तुम्ही तीन गोष्टी बघा. फळीच्या कडेला सालीकडचं पांढरं लाकूड किती आहे. किडा आधी त्यातच शिरतो. महिन्याभराने खाली पिठासारखा भुसा पडायला लागला की समजा. टोकांना चिरा किती आत गेल्यात. आणि फळी डोळ्यासमोर धरून पिळलेली आहे का. वाकलेली फळी रंध्याने सरळ होते, पिळलेली फार जाडी खाते.

'सीझन केलेलं आहे का' हे विचारू नका, उत्तर नेहमी 'हो'च असतं. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. फळीचा एक हातभर तुकडा कापा, दर रविवारी वजन करून भिंतीवर लिहा. सलग तीन आठवडे वजन तेच आलं, म्हणजे फळी तुमच्या घराच्या हवेला रुळली. मगच कापायला घ्या.

माझं स्वतःचं आवडतं लाकूड म्हणजे पाडलेल्या वाड्यांचा साग. जुन्या बाजारात आणि जुन्या लाकडाच्या वखारींत तुळया, चौकटी, दारं मिळतात. वलयं दाट असतात, रंध्याखाली वास येतो तो नव्या सागाला नाही. पण आत खिळे असतात, डोकं तुटलेले, रंगाखाली दडलेले. लोहचुंबक फिरवल्याशिवाय त्याच्यावर रंधा टेकवू नका. मी एकदा घाईत टेकवला, एका खिळ्याने नव्या पात्याला दातेरी करवत करून दिलं. आणि 'शंभर वर्षांचं लाकूड आता काय हलणार' असं कुणी म्हटलं तर मान डोलवा, पण लांबट भोकं पाडाच. तेही दर पावसाळ्यात फुगतं.

पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन सरावाला उत्तम आणि स्वस्त. परदेशातून आलेल्या पेट्यांवर शिक्का असतो. एचटी असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूने. एमबीचं घरात आणू नका, पाटाला नको आणि स्वयंपाकघरात तर नकोच. शेल्फ, कपाट अशा रुंद सपाट कामाला प्लायवूडला नाक मुरडायचं कारण नाही. त्याचे थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून ते हलत नाही. ओट्याखाली लावायचं असेल तर आयएस ७१० बघून घ्या, ते पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक आहे.

पॉलिश

चौरंगाला आणि पाटाला मी लाखच लावते. चपडा लाख १०० ग्रॅम, स्पिरिट अर्धा लिटर, काचेच्या बरणीत रात्रभर, मग फडक्याने गाळून. सुती कापडाच्या बोळ्याने पातळ हात, एकावर एक, सहा-सात. पावसाळी दमट दिवशी लावू नका, पांढुरकं धुकं धरतं. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, फळीची खालची बाजूही वरच्याइतकीच रंगवा. एकाच बाजूला पॉलिश केलं तर दुसरी बाजू ओलावा जास्त वेगाने घेते आणि फळी वाकते. पॉलिशने हलणं थांबत नाही, फक्त सावकाश होतं.

जवसाचं तेल लावणार असाल तर त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. हार्डवेअरच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' तेल स्वयंपाकाच्या वस्तूंना नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात. भाजी चिरायची फळी, उलथनं, पोळपाट यांना औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चालतं, त्यात थोडं मधमाशीचं मेण वितळवून घातलं तर आणखी चांगलं. शेंगदाण्याचं तेल खवट होतं.

पोळपाट-लाटण्याचं विचारणार असाल, तर पोळपाटाला तीन पाय करा, चार नकोत. तीन पाय कुठल्याही ओट्यावर डुगडुगत नाहीत. लाटणं खरं कातारीचं, म्हणजे लाकूड फिरवत गोल कातणाऱ्याचं काम, पण त्याचा चरक नसला तरी रंध्याने होतं. ४० मिलिमीटरचा चौकोनी शिसम घ्या, प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्हीकडे १२ मिलिमीटरवर रेघा ओढा, तेवढे कोपरे काढले की अष्टकोन. मग सोळा कोन, मग सँडपेपर. माझ्या सुनेकडे असंच एक लाटणं आहे. नीट बघितलं तर अजून थोडे कोन दिसतात, पोळीला दिसत नाहीत.

फ्लॅटचं म्हणाल तर कामाच्या बाकाच्या पायांखाली रबरी चटई घाला, मोगरीचा आवाज खालच्यांच्या छतात जातो. दुपारी एक ते चार हातकरवत आणि धार, ठोकाठोक नाही. धुळीचा मास्क मात्र टाळू नका, साधा कापडी नव्हे, एन-९५. लाकडाची धूळ ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलेली आहे, आणि साग-शिसमाची धूळ अंगालाही खाज आणते. म्हणूनही रंधा बरा. त्याच्या सुरळ्या पडतात, धूळ उडत नाही.

चौरंग पुन्हा बसवलात की फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहा आणि रुंदी मिलिमीटरमध्ये. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजा. श्रावणात तो उलटा करून पुन्हा मोजा आणि खाली लिहा, मग पुढच्या मार्चमध्ये. माझ्या चहाच्या टेबलाखाली असे अकरा आकडे आहेत. सगळ्यात मोठा ४२१, सगळ्यात लहान ४१८, आणि चीर एकही नाही.